‘कूळ’ शब्दाचे दोन अर्थ : कालव्याकाठच्या बागाईतदार घराण्यांच्या वंशशोधाची रीत

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीत ‘कूळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कुलदैवत, कुळाचार, कुळी या शब्दांत त्याचा अर्थ वंश असा आहे. महसुली भाषेत मात्र दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा तो कूळ होय. शब्दकोशात हे अर्थ शेजारीशेजारी सुखाने नांदतात. परंतु गाव सोडून परमुलखी शेती करण्यास गेलेल्या घराण्याचा वंशशोध करू लागताच ते परस्परांच्या आड येतात. जो शेतकरी नव्या गावी दुसऱ्या अर्थाने कूळ होता, त्याचे पहिल्या अर्थाचे कूळ दप्तरात सहसा सापडत नाही. कारण दप्तर जमिनीच्या मालकाचे नाव जपते, कसणाराचे नाव प्रसंगानेच लिहिते. या अडचणीचे स्वरूप आणि तीतून वाट काढण्यास भाषाशास्त्रातील नामविचाराचा होणारा उपयोग यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरा कालव्यांखालील प्रदेश घेतला आहे. राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे त्या प्रदेशातील एक नगर. त्याच्या नावातील ‘प्रवरा’ हे पद नाशिकजवळच्या देवळालीपासून त्याचा भेद दाखविते. जुन्या कागदात नुसते ‘देवळाली’ असे आढळले, तर ती कोणती हे तालुका पाहिल्यावाचून ठरविता येत नाही. वंशशोधातील पहिली चूक पुष्कळदा व्यक्तीच्या नावात न होता गावाच्या नावात होते, ती अशी.

२. पाण्यामागे गेलेली घराणी

पश्चिम महाराष्ट्रातील कालव्यांचा इतिहास हाच या घराण्यांच्या स्थलांतराचा नकाशा आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामतीच्या बाजूस बारमाही पाणी आले. पुढे नांदूर-मधमेश्वरचा बंधारा व दारणा धरण यांच्या आधारे, १९११ ते १९१६ या काळात, गोदावरीचे कालवे कोपरगावच्या बाजूस आले. प्रवरेवरील भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये हाती घेतले गेले व ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन कालव्यांत सोडले जाते आणि त्यांपैकी उजवा कालवा राहुरी तालुक्याकडे जातो.

पाणी आले तरी त्याचा उपयोग करण्याची तयारी सर्वत्र नव्हती. अवर्षणप्रवण मुलखातील शेतकरी ज्वारी-बाजरीच्या जिरायतीत मुरलेला. उसाला लागणारे भांडवल, खत, मजूर व गुऱ्हाळाची माहिती त्याच्यापाशी बेताचीच होती. ती माहिती पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सासवडच्या माळ्यांपाशी होती. कऱ्हेकाठी विहिरीच्या पाण्यावर बागाईत करणारी ही मंडळी प्रथम नीरा कालव्यावर उतरली आणि तेथून गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेली. स्थानिकांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांनी ऊस उभा केला. त्यांपैकीच काहींनी १९३२ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात साखर कारखाना काढला. त्यावरून त्या वसाहतीस माळीनगर हे नाव मिळाले. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची जी पाहणी केली ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली; बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याच्या अभ्यासात (१९८०) या सासवडी माळ्यांची दखल घेतली आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. हे स्थलांतर एका उडीचे नव्हते. सासवड, नीराकाठ, गोदावरीकाठ, प्रवराकाठ अशा टप्प्यांनी, आणि घराण्याची एक शाखा मागे ठेवून दुसरी पुढे, असे ते झाले. म्हणून एकाच घराण्याच्या नोंदी दोन-तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या असतात. त्यांतही तालुक्यांची नावे व सीमा बदललेल्या आहेत : बारामती भागाचे जुने कागद भीमथडी तालुक्याच्या नावाखाली शोधावे लागतात, तर राहाता तालुका १९९९ मध्ये नव्याने झाला.

३. नाव कोठे घडते?

वंशशोधक सामान्यतः आडनावाचा धागा धरून मागे जातो. आडनाव स्थिर आहे, असे तो गृहीत धरतो. मराठी आडनावांच्या बाबतीत हे गृहीतक फार जपून वापरले पाहिजे.

गावाच्या नावास ‘-कर’ प्रत्यय लागून झालेली आडनावे पाहावीत. सासवडमध्ये राहणाऱ्या शेतकऱ्यास ‘सासवडकर’ म्हणण्याचे कारण नसते. तेथे सारेच सासवडचे. ते नाव त्यास दुसऱ्या गावी मिळते. वतनामुळे गावाचे नाव धारण करणारी घराणी सोडली, तर ‘-कर’ हा प्रत्यय निवासाचा नसून निर्गमनाचा सूचक आहे. ‘सासवडी माळी’ हा समूहवाचक शब्दही याच जातीचा : तो सासवडात निरर्थक, कालव्यावर अर्थपूर्ण. तात्पर्य, नाव मूळ गावी घडत नाही. ते पोचण्याच्या गावी घडते, आणि मूळ गावच्या कागदांत ते शोधणे व्यर्थ ठरते.

दुसरी अडचण जातिवाचक शब्दाची. गावकामगारांच्या जुन्या लिखाणात व्यक्तीचे नाव, बापाचे नाव आणि त्यापुढे ‘माळी’ एवढेच असते. कधी हा शब्द जातीचा निर्देश करतो, कधी तोच आडनाव म्हणून स्थिरावतो. एक भाऊ शाळेच्या पटावर ‘माळी’ या नावाने लागला आणि दुसरा जुन्या आडनावाने, तर दोन पिढ्यांनंतर त्यांची नातवंडे परस्परांस परकी वाटू लागतात.

नामांतराचे सर्वांत परिचित उदाहरण महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या घराण्याचे आहे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. चरित्रकारांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार जोतीरावांचे पणजे तेथे चौगुला होते. ते गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे आले. त्यांचा मुलगा शेटिबा पुण्यास गेला. शेटिबाचे मुलगे राणोजी, कृष्णा व गोविंद यांनी फुलांचा व्यवसाय पत्करला, पेशव्यांकडे फुले पुरविली आणि त्यावरून घराणे ‘फुले’ म्हणून ओळखले जाऊ लागले. गोविंदराव हे जोतीरावांचे वडील. म्हणजे गोऱ्हे हे नाव कटगुणाशी बांधलेले, फुले हे नाव पुण्याशी. आणि मधला खानवडीचा टप्पा दोन्ही नावांच्या मध्ये उभा. केवळ ‘फुले’ या आडनावाने मागे जाणारा शोधक पुण्यातच थांबला असता. चौगुलकी, गाव सोडण्याचे निमित्त आणि पुरंदरातील वास्तव्य यांची आठवण राहिली म्हणूनच हा दुवा जुळतो.

जोतीरावांचे घराणे आणि कालव्यावर गेलेली घराणी यांचा रक्तसंबंध सांगण्याचा येथे उद्देश नाही. पुरंदरच्या माळी समाजातील स्थलांतर व नामांतर यांची रीत त्या उदाहरणाने स्पष्ट होते, एवढेच. राहुरी तालुक्यात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास पुढे महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, हा योग मात्र लक्षणीय आहे.

४. दप्तराची भाषा

एकोणिसाव्या शतकातील व त्यापूर्वीचे मराठी कागद बहुधा मोडीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदही सामान्यतः पाळत नाहीत. त्यामुळे आडनाव कोठे संपते आणि पुढील शब्द कोठे सुरू होतो, हे वाचकाने संदर्भाने ठरवावयाचे असते. देवनागरीत उतरविताना झालेली एक चूक पुढील सर्व नकलांत जाते आणि मग तीच ‘कागदोपत्री पुरावा’ ठरते.

नातेदर्शक संज्ञांचा परिचय त्याहून आवश्यक आहे. ‘सखाराम बिन तुकाराम’ यातील ‘बिन’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ पुत्र. ‘वलद’ हाही त्याच अर्थाचा. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘जोजे’ किंवा ‘भ्रतार’ यांपैकी शब्द आला, तर पुढील नाव पतीचे समजावे. ‘बिन’ची जागा ‘भ्रतार’ने घेतली की बापाचे नाव नोंदीतून निघून जाते. विवाहित स्त्रीचे माहेर दप्तराला ठाऊक नसते, त्याचे कारण कारकुनाची अनास्था नसून नोंदीचा साचाच तसा आहे. सातबाराच्या भाषेत ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. पहिल्या संक्षेपाच्या आड भाऊ झाकलेले असतात. दुसऱ्याच्या आधारे मुलाचे वय आणि बापाचा मृत्यू यांचा अदमास बांधता येतो.

कालगणनेचेही तसेच. शकात ७८ किंवा ७९ मिळविले असता इसवी सन येतो. दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. नुसता ‘सन’ लिहिलेला असेल तर तो कोणता, याचा निर्णय प्रथम करावा. नाही तर नातू आजोबांपूर्वी जन्मल्याचे दिसते.

५. कुटुंबाची आठवण

तोंडी वंशावळ ही अविश्वसनीय, आणि लेखी ती विश्वसनीय, अशी विभागणी करणे योग्य नाही. दोहोंचे नियम वेगळे आहेत, इतकेच.

मराठी कुटुंबात मृत आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आहे. तीमुळे एका आड एक पिढीत तेच नाव येते : तुकाराम बिन सखाराम, त्याचा मुलगा सखाराम बिन तुकाराम, आणि पुन्हा तुकाराम बिन सखाराम. पहिला व तिसरा यांच्या नोंदी अक्षरशः सारख्या असतात. साल व गट किंवा सर्व्हे नंबर न पाहता त्या एकत्र केल्या, तर मधल्या दोन पिढ्या गळून जातात. उलट बाजूने ही चाल उपकारकही आहे. नातवाच्या नावावरून अज्ञात आजोबांचे नाव तर्कता येते. मात्र तो तर्कच राहतो, पुरावा होत नाही.

दुसरी चाल नाव न उच्चारण्याची. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. ज्या मुलास ते ठेवले आहे, त्यालाही ती आबा, बापू, तात्या अशा नावाने हाक मारते. पुढे तो मुलगा गावभर त्याच नावाने ओळखला जातो. म्हातारी माणसे सांगतात ती वंशावळ अशा हाकेच्या नावांची असते आणि तलाठ्याची असते ती पाळण्यातल्या नावांची. दोन्ही खऱ्या असूनही त्यांत एकही नाव समान नसणे शक्य आहे. यास्तव कुटुंबात चौकशी करताना ‘त्यांचे नाव काय?’ एवढेच न विचारता ‘त्यांना कोण काय म्हणे?’ असे विचारावे. नाव घेणाऱ्याचे नाते कळले की वंशवृक्षातील जागाही कळते.

भाषेच्या पुराव्याविषयी मात्र संयम पाळावा. बेणे, आडसाली, खोडवा, काहिल, चुलवाण, गुऱ्हाळ ही उसाची शब्दावली ज्या घरात सहज बोलली जाते ते घर सासवडकडून आले, असे अनुमान काही जण करतील. ते निराधार आहे. व्यवसायाचे शब्द व्यवसायाबरोबर पसरतात. शेजाऱ्याने ऊस शिकला तेव्हा शब्दही शिकला. कुलदैवताचेही तसेच. जेजुरीचा खंडोबा पुरंदर तालुक्यात आहे खरा, पण तो महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत असल्याने त्यावरून मूळ तालुका ठरत नाही. याउलट, एखादे घर वर्षातून एकदा एका लहानशा गावाच्या ग्रामदैवताच्या जत्रेस न चुकता जात असेल, तर ती खूण फार मोलाची. कारण तेथे जाण्यास नात्यावाचून दुसरे कारण संभवत नाही.

६. कोणते दप्तर काय जपते?

हक्कनोंदणीची सुरुवात मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, वंशशोधकास सातबारापेक्षाही उपयोगी पडते. खातेदार मयत झाल्यावर त्याच्या वारसांची नावे नात्यासह तीत येतात. गाव नमुना चौदा हे जन्ममृत्यूचे रजिस्टर असून त्यात बहुधा जातीचाही उल्लेख असतो.

परंतु तोंडी कराराने किंवा थोड्या मुदतीच्या खंडाने ऊस लावणारा बागाईतदार खातेदाराच्या रकान्यात येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने असंख्य कुळे जमिनीची मालक झाली व त्यांची नावे प्रथमच ठळकपणे फेरफारात आली. त्याच कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये मात्र ऊस, फळे व फुले यांच्या लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांना काही तरतुदींतून वगळले होते. परिणामी कालव्यावरील उसाचा खंडकरी हा कूळ असूनही कुळाच्या नोंदीतून निसटण्याचा संभव अधिक. त्याचा माग पीकपाहणीच्या रकान्यात, पाटबंधारे खात्याकडील पाण्याच्या अर्जांत, शाळेच्या पटावर आणि सहकारी संस्थांच्या सभासद-यादीत घ्यावा लागतो. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाल्यानंतर या भागात भागधारकांच्या याद्या हे एक नवेच साधन निर्माण झाले.

येथे आयर्लंडशी तुलना उद्बोधक ठरेल. एकोणिसाव्या शतकात आयरिश शेतकरी कुटुंबे अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे जाऊन पडीक जमिनीवर वसली. त्यांचे वंशज आज मूळ शोधू लागतात, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा अडथळा येतो : १९२२ मध्ये डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना यादवी युद्धात जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीची बहुतेक मूळ पत्रके नष्ट झाली. तरीही त्यांना एक आधार आहे. ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या करआकारणीत प्रत्येक जमिनीपुढे ती खंडाने देणाऱ्याचे आणि ती प्रत्यक्ष धारण करणाऱ्या कुळाचे, अशी दोन्ही नावे आहेत. आणि ती ‘टाउनलँड’ या गावाहूनही लहान घटकानुसार लावलेली आहेत. तेथे दप्तर जळाले, पण कूळ नोंदलेले होते. येथे दप्तर शाबूत आहे, पण कूळ नोंदलेले नाही. आयरिश आडनावांतील ‘ओ’ व ‘मॅक’ ही पूर्वपदे गळणे, इंग्रज कारकुनाने नाव आपल्या कानाप्रमाणे लिहिणे, पहिल्या मुलास आजोबांचे नाव ठेवणे, या गोष्टी मराठी वाचकास ओळखीच्या वाटतील. तेथील शोधकांचा नियम असा की वंश नव्या मुलखातून मागे न्यावा आणि टाउनलँड निश्चित झाल्यावाचून मूळ देशातील दप्तर उघडू नये. सासवड-प्रवरेच्या बाबतीतही हाच क्रम युक्त होय.

मूळ गाव कळविणारे आपल्याकडील सर्वोत्तम साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण अशा क्षेत्रांतील उपाध्यायांकडे यजमानांची नामावळी गाव व आडनाव यांच्या अनुरोधाने लिहिलेली असते. प्रवराकाठचा शेतकरी अस्थिविसर्जनास किंवा श्राद्धास गेला की आपले मूळ गाव सांगतो, कारण त्यावाचून त्याचा उपाध्याय सापडत नाही. कालव्यावरील वास्तव्याचा पहिला उल्लेख पुष्कळदा ‘हल्ली वस्ती’ अशा शब्दांनी याच वहीत येतो. दोन्ही गावांची नावे एका ओळीत आणणारे दप्तर याहून दुसरे क्वचितच असेल.

७. जुळणीचे नियम

वरील विवेचनावरून पुढील नियम निघतात. पहिला : शोधाचा आरंभ सध्याच्या वस्तीत, जिवंत माणसांच्या आठवणीपासून करावा आणि एकेक पिढी मागे जावे. दुसरा : नाम-साम्य हा पुरावा मानू नये, नावाबरोबर गाव, जमिनीचा नंबर, सोयरीक किंवा साल यांपैकी स्वतंत्र अशा दोन गोष्टी जुळल्या तरच दोन नोंदींतील व्यक्ती एक समजावी. तिसरा : नामभेद हा विरोधी पुरावाही मानू नये, ते नाव कोणी, कोठे व कशासाठी लिहिले, हे आधी विचारावे. चौथा : प्रत्येक नात्यापुढे त्याचा आधार लिहावा, आणि जेथे केवळ तर्क आहे तेथे रेघ तुटक ठेवावी. वंशवृक्षातील अखंड रेघ ही एक प्रतिज्ञा आहे. ती पुढील वाचकास बांधून टाकते.

रक्त आणि वंश यांतील भेदही ध्यानात ठेवावा. जोतीराव व सावित्रीबाई यांनी यशवंत यास दत्तक घेतले, आणि १८८७ च्या मृत्युपत्रान्वये तोच त्यांचा वारस ठरला. फुले घराण्याची वंशावळ यशवंताशिवाय लिहिणे हे अपुरे तर होईलच, पण खोटेही होईल.

८. या शोधाचे महत्त्व

वंशावळ ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. जातपडताळणीत इतर मागासवर्गीयांच्या दाव्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा व अर्जदारापर्यंतची वंशावळ लागते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून तर गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली. अशा वेळी गाव सोडून आलेल्या कुटुंबाची स्थिती बिकट होते. जुना पुरावा एका जिल्ह्यात, अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मधल्या पिढीच्या नावावर जमीन नसल्याने दोहोंना जोडणारा दुवाच नाही. ज्यांनी पडीक जमीन पिकाऊ केली, त्यांच्याच पणतूस आपण कोणाचे हे सिद्ध करणे कठीण जाते. एका मात्रेने बदललेले आडनाव येथे शिष्यवृत्ती, प्रवेश किंवा नोकरी यांचा निर्णय करू शकते.

याहून मोठी उणीव स्त्रियांच्या बाबतीत आहे. १९९४ च्या महाराष्ट्राच्या आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कन्येस वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राबरोबर हक्क मिळाला. परंतु ज्या वंशावळीवरून तो हक्क मोजावयाचा तीत कन्येची रेघच नसते. ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ या शब्दांनी माहेर पुसले, ते फेरफाराने पुन्हा लिहिले नाही. जोतीरावांच्या मातोश्री चिमणाबाई झगडे घराण्यातील आणि सावित्रीबाई नायगावच्या नेवसे घराण्यातील, हे ठाऊक आहे ते चरित्रकारांमुळे. सामान्य शेतकरी स्त्रीस चरित्रकार नसतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले आहे. म्हणजे पुढील शतकातील शोधकास निदान एक नाव अधिक मिळेल.

मागील शतकाचे काय, हा प्रश्न उरतोच. कालव्यावरील पहिल्या पिढीला पाहिलेली माणसे आता फार थोडी आहेत. कोणाची सोयरीक कोठली, कोणत्या वस्तीवरून कोण कोणत्या वर्षी उठला, सासऱ्याला सून काय म्हणे, ही माहिती त्यांच्यापाशीच आहे आणि ती कोणत्याही रकान्यात बसत नाही. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास मोडीचे वाचन आणि नातेवाचक शब्दांचा अभ्यास ही दोन्ही साधने उपलब्ध आहेत. ती घेऊन त्याने एका गावातील एक घर जरी नीट नोंदले, तरी ‘कूळ’ या शब्दाचे तुटलेले दोन अर्थ तेवढ्यापुरते पुन्हा एकत्र येतील.